एकवीस आणि बावीसच्या मध्ये

नोएडात नवे सेक्टर वसत होते ना, तेव्हा मी तिथे सातवीला गणित शिकवायचे. एकदा विचारलं, "इक्कीस और बाईस के बीच क्या है?"

सगळा वर्ग ओरडला, "कुछ नहीं!"

मी दोन्हींची बेरीज करून दोनने भागलं, साडेएकवीस काढून दाखवलं. "ढूँढो तो बीच में हमेशा कुछ मिलेगा."

मागून सुनीता उठली. "तो मॅडम, मेरे पते में सेक्टर इक्कीस क्यों लिखा? हमारा गाँव तो इक्कीस और बाईस के बीच में है."

रजिस्टरमध्ये सेक्टरचाच रकाना होता, म्हणून मीच जवळचा आकडा टाकला होता. तो खोडला आणि पेन धरून थांबले. वर्षभर शिकवत होते यार, पण तिच्या गावाचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.