थेराचा दगड

तिमारेता: दाराला लोकर बांधून मुलगी झाल्याचं साऱ्या किरीनी शहराला कळवलंस, आणि तिच्या आजीला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवतोस? क्रिमोन, वाट सोड.

क्रिमोन: आत ये, आई. बस, जेव, हवी तितकी राहा. पण आज बाळ तुझ्या हाती यायचं नाही. सुईण देईल ते माझ्याकडे.

तिमारेता: बाळाला घेऊन बाप चुलीभोवती धावतो, त्याआधी ते त्याच्या हाती आजीच देते. आपल्या थेरा बेटाची ही रीत तुझ्या पणजोबांच्याही आधीची आहे. तुम्ही समुद्र ओलांडलात म्हणून ती बुडाली की काय?

तिझिरी: सासूबाई, आधी पाणी घ्या. आमच्या झऱ्याचं आहे, गोड आहे. बोकड शिजतोय.

तिमारेता: बोकड? माझ्या मुलाच्या घरी गोऱ्हा कापण्याचीही ऐपत नाही?

तिझिरी: ऐपत आहे, पण आम्हा लिबियाच्या बायकांना गाईगुरांचं मांस चालत नाही. चुलीवर ठेवलंत तर मी माहेरी जाईन, आणि माझं माहेर त्या टेकडीपलीकडेच आहे.

तिमारेता: हं. सून खंबीर आहे. मला पसंत आहे. आता तू बोल रे. माझ्या हातांना काय झालंय?

क्रिमोन: त्याच हातांनी मला दगड मारलास.

तिझिरी: अगबाई! कधी?

क्रिमोन: दुष्काळात. दोन भावांमागे एकानं देश सोडायचा असं ठरलं, आणि आमच्या घरातून माझी चिठ्ठी निघाली. कुठे बस्तान बसेना, म्हणून बेटावर परत आलो, तर आमच्याच माणसांनी किनाऱ्याला लागू दिलं नाही. वरून दगडांचा पाऊस. आणि सगळ्यांत मोठा धोंडा हिचा, तो उचलताना ही दिसली तशी मी मान खाली घातली.

तिमारेता: केवढा होता?

क्रिमोन: भोपळ्याएवढा! खांद्यावर बसला.

तिमारेता: हाड मोडलं?

क्रिमोन: ...नाही.

तिमारेता: रक्त?

क्रिमोन: खरचटलं होतं. थोडंसं.

तिझिरी: अहो, भोपळ्याएवढा धोंडा आणि थोडंसं खरचटलं? माझ्या बापाची शेळीसुद्धा याहून जोरात मारते.

तिमारेता: सूनबाई, याला विचार, तो धोंडा नंतर गेला कुठे.

क्रिमोन: मला काय माहीत! पडला असेल होडीच्या तळाशी. मी मान वर केली नाही, खालीही पाहिलं नाही.

तिझिरी: होडीच्या तळाशी? थांबा. छपराच्या वाशांसाठी ती होडी फोडली, तेव्हा मला एक दगड सापडला होता. राखाडी, भोकाभोकांचा. मी त्यानंच टाचा घासते!

तिमारेता: आण तो. आणि पाण्याचं घंगाळही आण.

(तिझिरी धावत जाऊन दोन्ही आणते. घासून घासून मुठीएवढा उरलेला दगड पाण्यात पडतो आणि तरंगू लागतो.)

क्रिमोन: हा तर आपला... आपल्या किनाऱ्यावरचा हलका दगड.

तिमारेता: वडीलधाऱ्यांची आज्ञा होती की प्रत्येक घरानं फेकावा, न फेकणाऱ्याचं घर पाडावं. पुरुषांनी डोंगरावरचे उचलले. मी बायकांना समुद्रकाठी नेलं आणि हे ओटीत भरायला लावलं. आमचे सारे दगड तुमच्या होडीभोवती बदकांसारखे तरंगत होते, आणि थेरात जन्मलेल्या एकाही शहाण्याचं तिकडे लक्ष गेलं नाही!

तिझिरी: आणि इतकी वर्षं हे तोंड फुगवून बसले! सासूबाई, या दगडानं टाचा काय छान मऊ होतात म्हणून सांगू!

तिमारेता: होणारच. माझ्या निवडीचा आहे. बोटीवरच्या प्रवासात माझ्याही टाचा फुटल्यात, संध्याकाळी बघू.

क्रिमोन: आई...

तिमारेता: रडू नकोस. आज मंगल दिवस आहे.

क्रिमोन: तिझिरी, बाळ दे आईकडे.

तिझिरी: घ्या, सासूबाई. आणि नावही तुमचंच ठेवायचं हं, मी आत्ताच ठरवलंय.

तिमारेता: ये गं, तिमारेता. वजनदार आहेस, पाण्यात तरंगायची नाहीस. बघ, तुझा बाप कसा बावळटासारखा उभा आहे.

क्रिमोन: आई, त्या दिवशी मी मान वर केली असती तर?

तिमारेता: तर तुझं तोंड बघून मला तो हलका दगडही फेकता आला नसता. धर पोरीला, आणि धाव.