एकूण एक साक्षीदार

वकील कशाला लागतो, हे मला आमच्या बबननं शिकवलं. बबन टोकावडे-मुरबाड जीप चालवतो. जास्त माणसं भरली म्हणून त्याच्यावर केस झाली, लायसन जायची वेळ आली. नेमका त्याच आठवड्यात त्यानं मोबाइलवर एक पिक्चर पाहिला. त्यातला गुंड वकिलाला हाकलतो, आपली केस आपणच लढतो आणि सगळं कोर्ट त्याच्यावर फिदा! झालं, दुसऱ्याच दिवशी बबननं आपल्या वकिलाला नारळ दिला.

तारखेला हा काळा शर्ट, गॉगल घालून हजर. गॉगल शिपायानं दारातच काढायला लावला, तेवढीच काय ती अडचण.

"साहेब, हवालदार खोटं बोलतोय. गाडीत नऊच माणसं होती. मी साक्षीदार आणलेत."

"कोण साक्षीदार?" जजसाहेबांनी विचारलं.

"त्या फेरीचे पाशिंजर. एकूण एक आणलेत!"

दार उघडलं आणि मंडळी आत येऊ लागली. येतच राहिली. बाक भरला, तर बबन सवयीनं म्हणाला, "सरका जरा, अजून दोघं बसतील."

साहेबांनी पेन खाली ठेवून माणसं मोजली. चौदा.

"तुम्ही सगळे त्याच फेरीला होतात?"

"होय साहेब!" चौदाही जण एका सुरात. बबननं विजयी मुद्रेनं सोबत आलेल्या माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात त्या चौदांतली आमची धोंडीआत्या मागून उठली. शपथेला घाबरणारी बाई.

"साहेब, खोटं कशाला बोलू? टपावरचे तिघं आज नाय आले."