धाडसाच्या कंपनीतले आमचे हे

...आणि वर मलाच विचारतात, "अगं, फ्रिज जरा बंद ठेवला तर चालेल का?" का? तर म्हणे घरघरतो! अहो, लग्न झाल्यापासून घरघरतोय तो, आजवर नाही ऐकू आला? पण तुम्हाला सांगते, दोष फ्रिजचा नाही. आमच्या ह्यांचं मन खातंय त्यांना. स्वतः दोन घास धड खात नाहीत, मन मात्र तिन्ही त्रिकाळ खातंय. जेवायला बसले की खातंय, बुटाची नाडी बांधताना खातंय... एवढं खाऊन त्या मनाला अजीर्ण कसं होत नाही?

आता हे करतात काय, ते आधी सांगते. ह्यांची कंपनी लोकांचा पैसा घेते आणि नव्या, जोखमीच्या उद्योगांत घालते. साधी बँक ज्याला दारात उभं करत नाही, त्याला ह्यांनी आत बोलवायचं. दारावरच लिहिलंय, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत: "धाडसाला साथ." आणि आत काय? आत नऊ माणसं, एकेकाला जिन्यातला दिवा गेला तरी धडकी भरते! घरबसल्या भाजी मागवायच्या अ‍ॅपला पैसे दिले. का? तर शेजारच्या कंपनीनं तसल्याच अ‍ॅपला दिले होते. कुत्रा फिरवून आणायच्या अ‍ॅपला दिले. आणि कोणी खरोखरच नवीन काही घेऊन आलं, की साहेब चष्मा पुसणार आणि म्हणणार, "कल्पना उत्तम आहे हो... पण थोडं लवकर आहे." मग उरलेल्या आठ माना हलणार. लवकर आहे, लवकर आहे! अहो, नवीन गोष्ट लवकर नाही येणार तर काय जुनी झाल्यावर येणार?

तर अशा त्या कंपनीत एक इंजिनिअर मुलगी आली पेटी घेऊन. बोटांना चटके बसलेले, केसांत कसलासा भुसा. पेटी कसली, तर औषधं नि लशी गार ठेवायची. वायर नाही, मोटर नाही. दिवसभर उन्हात तापवायची, आत कसलंसं मीठ आहे, ते तापलं की मग रात्रभर गारवा देतं. बाहेरून तापायचं आणि आतून गार राहायचं... मी नेमकी उलटी, म्हणून मला फार कौतुक वाटलं! ह्यांनी पेटीत हात घातला. घरी आले ते उडतच. "अगं, आवाजच नाही! जिथं वीज येते-जाते तिथल्या दवाखान्यांत..." तोंडातला घास तोंडात. लग्नात माझ्याकडे बघूनसुद्धा एवढे खुलले नव्हते, खोटं कशाला सांगू?

मग बैठक. साहेबांनी विचारलं, "आधी कोणी पैसे घातलेत हिच्यात?" कोणीच नाही. सगळे एकमेकांकडे बघतायत. साहेब ह्यांच्याकडे वळले, "पेटी तुम्ही बघितलीय. तुमचं काय मत?" आणि ती मुलगी समोर बसलेली, ह्यांच्याकडे अशी बघतेय, की आता हा माणूस बोलणार. आणि आमचे हे काय बोलले? "कल्पना उत्तम आहे... पण थोडं लवकर आहे."

झालं! मुलीनं पेटी उचलली, "थँक यू सर," म्हणाली आणि निघाली. जड होती हो पेटी. दार उघडायलासुद्धा कोणी उठलं नाही. हे मला चारचारदा सांगतात, "अगं, दार तरी उघडायला हवं होतं मी." तेव्हापासून हा माणूस दिसेल त्याचं दार उघडत सुटलाय! लिफ्टचं, दुकानाचं, परक्याच्या गाडीचं! एका बाईनं तर पर्स छातीशी धरली!

शेवटी मीच म्हटलं, "अहो, असं कुढण्यापेक्षा जाऊन माफी मागा." गेले एका रविवारी तिच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, मोटार उभी करायची खोली. हे दारात दिसले मात्र, ती मुलगी ओरडली, "आई, ते पैसेवाले सर परत आले!" आईनं खुर्ची पुसली, चहा टाकला. आता सांगा, अशा वेळी माफी तोंडातून बाहेर येईल? ह्यांची नाही आली. मग करायचं काय? कोट काढला आणि ती कापत होती तो पत्रा धरून उभे राहिले! पुढच्या रविवारी परत तेच. त्याच्या पुढच्याही. घरी येणार हाताला पट्ट्या लावून, आणि वर, "मन खातंय गं, त्यांना वाटतंय मी पैसे आणतोय." अहो, मग सांगा ना! "सांगणार होतो, पण तिच्या आईनं बिस्किटं पुढं केली."

मग मी गेले बरोबर. ती आई माझा हात हातात घेऊन म्हणते, "ताई, तुमच्या मिस्टरांसारखी माणसं आहेत म्हणून..." आणि आमचे हे पत्र्याआड लपलेत! मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. माझं बघणं म्हणजे तुम्हाला माहीत नाही, पण त्यांना माहीत आहे. आले बाहेर. मान खाली. "मी पैसे आणलेले नाहीत. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. पेटी मला पटली होती, मी घाबरलो."

मुलगी पत्रा कापत होती, थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "माहितीये सर. पैसेवाला माणूस कधी एवढा वेळ बसतो का? जरा तो कोपरा धरा, हलतोय."

तुम्हाला सांगते, त्या एका वाक्यानं माणूस पेटला! पुढच्या बैठकीत उभे राहिले. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा कोणी न सांगता उभे राहिले. "ती पेटी आपण घ्यायला हवी. बुडेल कदाचित. पण बुडायची भीती असेल, तर दारावरची पाटी काढा!" साहेबांनी चष्मा पुसला. "अहो, पैसा आपला नाही, लोकांनी विश्वासानं दिलाय. त्या पेटीला फळ यायला किती वर्षं जातील, आणि उत्तर आपल्याला त्याआधीच द्यायचंय." मत घेतलं. आठ विरुद्ध एक. पेटी पडली.

पण ऐका तर! संध्याकाळी लिफ्टमध्ये हे आणि साहेब, दोघंच. साहेब भिंतीकडे बघत हळूच म्हणतात, "पेटी मलाही आवडली होती हो. त्या दिवशी मी तुमच्याकडेच बघत होतो, तुम्ही हो म्हणाल म्हणून." म्हणजे बघा, त्या बैठकीत हे साहेबांच्या तोंडाकडे बघत होते आणि साहेब ह्यांच्या! आणि बाकीचे सात कोणाच्या तोंडाकडे बघत होते, देव जाणे.

पेटीचं म्हणाल, तर एका जनावरांच्या डॉक्टरनं एक नेलीय वापरून बघायला. गायी-म्हशींच्या लशी गार राहतायत, दुसरी मागितलीय. चाललंय तिचं, मुंगीच्या पावलांनी, पण चाललंय.

आणि ह्यांचं काय विचारता? गेल्या रविवारी मी डबा घेऊन गेले, तर पत्र्याचं एक टोक ह्यांनी धरलंय आणि दुसऱ्या टोकाला कोण? साहेब! बाह्या सरसावून, घामाघूम, अंगठ्याला पट्टी. म्हटलं, "अहो साहेब, तुम्ही?" तर म्हणाले, "काय करू वहिनी, मन खातंय."

बिचाऱ्या पोरीनं भांडवल मागितलं होतं हो... मिळाले काय, तर दोन मजूर. आणि तेही तिरकं कापतात!