तिचा रोजा

देवरीच्या बसस्टँडवर मगरीबची अजान ऐकू आली. माझ्या मागच्या बाकावरच्या दोघी मैत्रिणींनी रोजा सोडला.

"नौशीन, दुसरा खजूर मुठीत कायले धरून बसली?"

"मालेगावच्या सुमय्याचा आहे."

"ते नेटवरच्या ग्रुपातली? तिले कधी पाहिलं तरी का तू?"

"नाही. आपल्याकडं सूर्य आधी डुबते. मी लिहायची, माझा रोजा झाला. ते लिहायची, माझे तेवीस मिनिटं बाकी आहेत, दुआत याद ठेव."

"अन् आता?"

"शादी झाली तिची. दोन रमजान झाले, ग्रुपवर येतच नाही."

"मंग खाऊन टाक ना. हात चिकट होऊन राहिला."

"होऊ दे. तिचा रोजा आहे अजून."