मायनं सांगितलेली चार पानं

माझं माहेर सोनगीरच्या पलीकडचं, किल्ल्यावर चढून बघितलं की खाली जी गावं दिसतात ना, त्यातलं एक. घरी कोरडवाहू शेती, बाजरी नि भुईमूग, आम्ही तिघी बहिणी, मी थोरली, म्हणून बठ्ठे मला अक्का म्हणतात, लहानमोठे सगळेच. लग्नानंतर धुळ्यात आले आणि बोली निम्मी शहरी झाली, पण मायचं बोलणं सांगायचं तर ते तिच्यासारखंच सांगावं लागतं, दुसऱ्या बोलीत ते बसतच नाही, काय सांगू तुम्हाला.

तर गावात वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे काय, शाळेच्या पडवीत एक लोखंडी कपाट, वरच्या कप्प्यांत मोठ्यांची पुस्तकं, खालच्यात पोरांची. किल्ली नानांकडे. नाना रिटायर मास्तर, आवाज करडा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की ते पडवीत सतरंजी टाकून बसत आणि पुस्तकं देत. मी तेव्हा पाचवीत, पासष्टच्या आसपासची गोष्ट आहे ही.

एकदा मी एक पुस्तक आणलं, उंटाच्या पिल्लाचं. पिल्लू तांड्यातून चुकतं आणि आईला शोधत बाजारात जातं, नदीवर जातं, विहिरीवर जातं, अशी गोष्ट. माय शाळेत कधी गेलीच नव्हती. दुपारी ती बियाण्याच्या शेंगा फोडायला बसायची, मी वाचायची, ती ऐकायची. थंडीत आमच्या गावाकडून उंटवाल्यांचे तांडे जायचे, त्यामुळं मायला ती गोष्ट खरीच वाटली, म्हणे गये साल एक पिल्लू लंगडे, तेच तर नही ना हाई. रोज म्हणायची, वाच, आणि मी थांबले की पुढचं वाक्य तीच सांगायची. तीन शनिवार पुस्तक घरीच ठेवलं आम्ही. मग उन्हाळ्याची सुट्टी आली, नाना म्हणाले बठ्ठी पुस्तकं जमा करा.

आता तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे शेजारणीची वाटी घरी आली तर ती रिकामी परत करत नाहीत, चिमूटभर साखर का होईना, टाकून देतात. मायला वाटलं, पुस्तकाचंही तेच. तिनं शेंगदाणे नि गुळाची पातळ वडी थापली, कागदात गुंडाळली आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानांत ठेवून दिली, वरून फडकं बांधलं. मला काही बोलली नाही. मी ते तसंच नानांच्या हातात दिलं, नानांना धड दिसत नव्हतं, त्यांनी फडकं सोडलं नि पुस्तक कपाटात सारलं, कपाटाला कुलूप, आणि वर अख्खा मे महिना.

जूनमध्ये कपाट उघडलं तर मुंग्यांची रांग. गूळ वितळलेला, पानं एकमेकांना चिकटलेली, झुरळांनी कुरतडलेली, शेवटची चार पानं तर गेलीच. नाना मला बठ्ठ्या पोरांसमोर म्हणाले, पुस्तक म्हणजे काय जेवणाची ताटली वाटली का तुम्हाला, तुमच्या घरी आता पुस्तक मिळणार नाही, तू शनिवारी येऊ नकोस. ते खराब झालेलं पुस्तक त्यांनी माझ्याच हातात दिलं, ते घेऊन मी रडत घरी आले. मला दुसरं काही नको होतं हो, ना बांगड्या, ना परकर, मला त्या कपाटाचा खालचा कप्पा पाहिजे होता.

मायला सांगितलं तर तिनं आधी काय विचारावं, त्यासनी वडी खादी नही का? मग समजलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, वही आन. मी सांगस, तू लिख.

आणि तिनं शेवटची चार पानं सांगितली, पिल्लाला आई सापडते तिथपासून. मला वाटलं नाना हसतील, म्हणून मी शाळेच्या मराठीत लिहिलं, आईने पिल्लास मायेने कुशीत घेतले. माय म्हणाली, वाच. वाचलं. म्हणाली, हाई मी कुठे सांगं? मी तं सांगं, ती त्याले म्हने, दिनभर कोठे व्हता रे भाऊ, काही खादं का? मी म्हटलं, माय, पुस्तकात असं लिहीत नाहीत. ती म्हणाली, उंटनी काय शाळामा गयेल शे? मग मी ते खोडलं आणि ती बोलली तसं लिहिलं, अक्षर न् अक्षर. मायनं गोधडीच्या सुईनं ती पानं पुस्तकात शिवली.

शनिवारी ती स्वतः आली माझ्यासोबत. पडवीत चढली नाही, डोक्यावर पदर घेऊन पायरीखाली उभी राहिली. नानांनी पुस्तक नाकाजवळ धरलं, पानं चाचपली, टाके चाचपले, आणि माझ्याकडे देऊन म्हणाले, मला हे अक्षर दिसत नाही, वाच. मी वाचलं. काही खादं का, तिथं पोरं हसली, मला वाटलं झालं, संपलं आता. नाना मात्र हसले नाहीत. या माणसाला आम्ही जन्मात पुस्तकी मराठीशिवाय बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि मायकडे बघून म्हणाले, मनी माय बी असंच इचारे.

मग मला म्हणाले, दुसरं पुस्तक घे. मायला म्हणाले, बाई, वडी वेगळी धाडत जा, मी खासू.

त्या कप्प्यातलं बठ्ठं वाचून मी सातवी झाले, पुढं लग्न होऊन धुळ्यात आले, इथं बालवाडीत शिकवायला लागले, आणि पंचवीस-तीस वर्षं पोरांना गोष्टी सांगितल्या. मायच्या शेवटासकट ते पुस्तक पुढं गावात कितीतरी पोरांनी नेलं म्हणे. मागच्या वर्षी मी गेले होते बघायला. शाळा नवी बांधली, कपाट कुठं गेलं कोणाला माहीत नाही, नाना तर कधीच गेले. मायचा फोटो नाही माझ्याकडे, त्या काळी कोण काढणार, ती गेली तेव्हाही नाही काढला. तिचं बोलणं कागदावर उतरलं ते तेवढंच, आणि ते मी माझ्या हातानं वाचनालयाला परत करून आले. वाईट वाटतं कधी कधी, खोटं कशाला बोलू. पण ठेवून घेतलं असतं तर ते फक्त माझंच राहिलं असतं. ज्या पोरांनी ते वाचलं असेल त्यांचं भलं होवो, आणि कुठंही असोत, त्यांना घरी गेल्यावर कोणीतरी विचारणारं असो, दिनभर कोठे व्हता रे भाऊ, काही खादं का.