साखरेतले बदाम

सालेर्नोच्या बसथांब्यावर कार्मेला उभी होती. शेजारच्या बाकावरचं म्हातारं जोडपं आपल्याच नादात बोलत होतं.

“यंदा उन्हाळ्यात समुद्रावर पालिनुरोला जाऊ, सावेरिओ. नाहीतर मारातेआला. तोनिनोच्या किनाऱ्यावर नको.”

“इतकी वर्षं वाळूत त्याच्याकडची तीच भाड्याची छत्री, तीच रांग, तेच शेजारी. आता या वयात कुठे परक्यांत बसू, रोझाल्बा?”

“तोनिनो नेहमीसारख्या छत्रीखाली तीन खुर्च्या मांडून ठेवील. मला बघवणार नाही.”

“नाही मांडणार. दोनच लाव म्हणून फोन केलाय मी.”

“मग काय म्हणाला?”

“म्हणाला, मीरेल्लाचं लग्न झालं वाटतं.”

“आणि तू?”

“हो म्हणालो. दुसरं काही तोंडातून निघेचना.”

“अरे, मार्चमध्ये पुरलं आपल्या लेकीला आपण.”

“त्याला इतका आनंद झाला, की मग मला बोलवेना.”

“आता सगळ्या रांगेला कळलं असेल. लग्नात वाटतात ते साखरेतले बदाम मागतील सगळे.”

“मागतील.”

कार्मेलाची बस आली आणि गेली. ती चढलीच नाही.

“सावेरिओ.”

“हं.”

“बदाम आणू. पुड्या मात्र मी घरीच बांधीन. विकतच्या तिला आवडल्या नसत्या.”