न आलेल्या बारदान्याची चोरी

पोलीस स्टेशन बेलतळा, जिल्हा चंद्रपूर. रविवार.

माझे नाव ज्योत्स्ना नीळकंठ गुरनुले, वय ४१ वर्षे, धंदा खाजगी नोकरी, राहणार बेलतळा, आठवडी बाजाराच्या मागे. मी ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणी न बोलावता, पुढीलप्रमाणे सांगते. हवालदार सुनिलभाऊ लिहून घेत आहेत. 'कोणी न बोलावता' हे शब्द गाळू नका, असे मी त्यांना सुरुवातीलाच सांगितले आहे.

मी 'झाडीधान्य' कंपनीच्या येथील धान खरेदी केंद्रावर लिपिक आहे. शेतकरी धान आणतात, आम्ही मोजतो, पोत्यांत भरतो आणि गिरणीवर पाठवतो. रिकामी पोती, म्हणजे बारदाना, नागपूरच्या मुख्य कार्यालयाकडून येतो. केंद्राचे व्यवस्थापक प्रफुल बोबाटे आहेत. घनश्यामभाऊ मोहुर्ले केंद्राचे चौकीदार आहेत. गोदामातला ट्रकभर बारदाना चोरल्याच्या संशयावरून त्यांना कालपासून या ठाण्यात बसवून ठेवले आहे. मला सांगायचे आहे की तो बारदाना आला नाही. जे आले नाही ते चोरता येत नाही, हे सांगायला मला सुट्टीच्या दिवशी ठाण्यात यावे लागले आहे.

चोरी कशी झाली हे कळण्यासाठी आधी आमच्या कंपनीची रीत लिहून घ्यावी. आमच्या मोठ्या साहेबांना लाल रंग चालत नाही. दर सोमवारी सर्व केंद्रांची बैठक संगणकावर होते. पडद्यावर एक फळा असतो. ज्या केंद्रात सर्व ठीक ते हिरवे, ज्यात काही कमी ते लाल. ज्याचे केंद्र लाल दिसले त्या व्यवस्थापकाने आपल्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर, बैठक संपेपर्यंत उभे राहायचे. काय कमी पडले हे त्याला कोणी विचारत नाही. मोठमोठ्या पदवीची माणसे मी शाळेतल्या पोरांसारखी उभी राहिलेली पाहिली आहेत. तेव्हापासून आमच्याकडे कोणतेही केंद्र लाल होत नाही.

या फळ्याचे सॉफ्टवेअर घेतले तेव्हा प्रत्येक केंद्रातून एकेक माणूस नागपूरला बोलावला होता. इथून मी गेले होते. दोन कंपन्या आपापला माल दाखवायला आल्या होत्या. पहिल्या कंपनीकडून पुनम नावाची एक मुलगी आली. तिने आधी काही दाखवलेच नाही. तिने विचारले, "तुमच्याकडे माल नेमका कुठे अडकतो?" खोली भरलेली होती, पण सगळे मोठ्या साहेबांच्या तोंडाकडे पाहत राहिले. साहेब म्हणाले, "आमच्याकडे अडकत नाही." सगळे हसले. त्या मुलीला चहा पाजून परत पाठवले. दुसऱ्या कंपनीने रंगीत फळा दाखवला, त्यावर साहेबांचा फोटो आधीच लावून आणला होता. तो फळा घेतला. पुढे साहेबांच्या नजरेस आले की माल आल्याची नोंद करताना 'पोचला नाही' असाही एक पर्याय आहे. "असली नकारघंटा आपल्याकडे कशाला?" म्हणून त्यांनी तो काढायला लावला. आता दोनच पर्याय आहेत. 'पोचला' आणि 'वेळेआधी पोचला'. मी हे गंमत म्हणून सांगत नाही. हवालदारांनी लिहिता लिहिता माझ्याकडे दोनदा पाहिले म्हणून सांगते.

या हंगामात धान यायला लागला आणि बारदान्याची गाडी आली नाही. मी नागपूरला फोन केला. तिथे रीता मॅडम गाड्या पाठवण्याचे पाहतात. त्या म्हणाल्या, "पण बेलतळ्याला पोचला असं दिसतंय ना!" मी विचारले, गाडी निघाली कधी? तर त्यांना वरून माल मिळालाच नव्हता. फळा लाल होऊ नये म्हणून त्यांनी 'पाठवला' दाबले होते. त्यांचे 'पाठवला' पाहून बोबाटे साहेबांनी 'पोचला' दाबले. त्यांचे 'पोचला' पाहून रीता मॅडमना वाटले की माल मधूनच कोणीतरी पाठवला असावा. असे दोघेही एकमेकांकडे बघून निश्चिंत होते. बेलतळ्यात बारदाना भरपूर आहे असे दिसत असल्यामुळे बेलतळ्याला आणखी पाठवण्याचा प्रश्नच नव्हता.

मी बोबाटे साहेबांना म्हटले, "साहेब, गाडी तं आलीच नाई."

ते म्हणाले, "मले माहीत आहे बाई. पण सोमवारी उभं मले राहा लागते, तुमाले नाई."

धान उघड्यावर पडून राहिला. अवकाळी पाऊस आला, ढिगाला खालून मोड फुटले. शेतकरी फाटकावर आले. त्यांच्यातले भैयाजी वयाने मोठे आहेत, ओरडत नाहीत. ते खिडकीशी येऊन मला म्हणाले, "बाई, तुमच्या कम्पुटरात पोते आहेत म्हंता. मंग त्यातच भरा ना आमचा धान." त्या आठवड्याच्या बैठकीत आमचे केंद्र हिरवेगार होते, आणि बोबाटे साहेब बसूनच होते.

ओरड नागपूरपर्यंत गेली तेव्हा तपासणीला माणूस आला. गोदामात एक मांजर व्यालेली होती, दुसरे काही नव्हते. मग संगणकातला बारदाना कमी करणे आले. कमी करायलाही कारण लागते. तिथेही पर्याय दोनच, 'वापरला' आणि 'चोरी'. वापरला म्हणावे तर धान बाहेर भिजत होता. म्हणून 'चोरी' दाबले. त्यावर 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना उघडला. त्यात केंद्रातल्या नावांची यादी येते, वर बोबाटे साहेब, मध्ये मी, खाली चौकीदार. साहेबांचे बोट पहिल्या नावावर थांबले नाही. माझ्यावर थोडे थांबले, मी बाजूलाच उभी होते. मग खाली गेले. पुढचा रकाना पोलीस तक्रार क्रमांकाचा होता. तो भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही, म्हणून साहेब काल तुमच्याकडे तक्रार घेऊन आले. तुमच्या ठाण्याचा उपयोग आमच्या कंपनीने रकाना भरायला केला आहे.

घनश्यामभाऊंना न्यायला पोलिसांची गाडी आली तेव्हा ते फाटकाला तेल घालत होते. ते मला एवढेच म्हणाले, "मले काऊन, बाई? मी तं फाटक लावूनच ठेवतो." त्यांच्या घराची झडती झाली. दोन खोल्यांचे घर, ट्रकभर बारदाना ठेवायचा तर नवरा-बायकोला अंगणात झोपावे लागेल. एक पोते मिळाले. त्यात लाखोरीची डाळ होती आणि पोत्यावर खताच्या कंपनीचे नाव होते. तेही जप्त केले आहे. डाळीसह. त्यांची बायको प्रेमिला कालपासून ठाण्याच्या ओट्यावर डबा घेऊन बसते. कालचा डबा तसाच परत आला. आज तिने पुन्हा आणला आहे.

आज सकाळी बोबाटे साहेबांनी मला केंद्रावर बोलावले. चोरीची नोंद झाल्यामुळे बारदाना शून्य झाला होता आणि केंद्र लाल दिसत होते. उद्या सोमवार आहे. नवीन माल दाखवायचा तर नागपूरहून क्रमांक लागतो, आणि रीता मॅडम रविवारी फोन उचलत नाहीत. बारदाना वाढवायला दुसरा एकच पर्याय निघाला, 'चोरीचा माल परत मिळाला'. साहेबांनी माझ्यासमोर तो दाबला. केंद्र हिरवे झाले. लगेच मोठ्या साहेबांचा कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला, 'बेलतळा टीमचे अभिनंदन'. खाली सगळ्या केंद्रांनी हात जोडले, फुले वाहिली. घनश्यामभाऊंचे नाव त्या ग्रुपमध्ये नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पडद्याचा फोटो काढला आणि निघाले.

साहेब म्हणाले, "बाई, नोकरी जाईन तुमची."

मी म्हटले, "जाऊ द्या. कारणात 'चोरी' टाका, दुसरा पर्याय कुठी आहे तुमच्याकडे?"

हा जबाब चालू असताना ठाणेदार साहेब आले. त्यांनी माझ्या मोबाईलमधला फोटो आणि तो संदेश पाहिला. त्यांनी बोबाटे साहेबांना फोन लावला, आवाज मोठा ठेवला आणि विचारले, "माल मिळाला म्हंता का तुमी?" नाही म्हणावे तर मोठ्या साहेबांचे अभिनंदन खोटे पडत होते. ते म्हणाले, "हो साहेब. मिळाला."

"मंग मी या मानसाले कायले बसवून ठेवलो?" ठाणेदार साहेब म्हणाले. "लेखी द्या तसं. आत्ता."

त्यांनी घनश्यामभाऊंना घरी जायला सांगितले. भाऊ उठले नाहीत. त्यांना ते खरे वाटले नसावे. प्रेमिलाने आत येऊन त्यांचा हात धरला तेव्हा उठले. डाळीचे पोते परत द्यावे, अशी माझी विनंती आहे.

हवालदारांनी शेवटी विचारले, "बाई, मंग तो माल आता आहे कुठी?" मी सांगितले, "चोरीच्या आधी जिथी होता, तिथीच."

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी सांगितल्याबरहुकूम आहे. 'आला नाही' हे शब्द मी जिथे जिथे बोलले तिथे ते तसेच ठेवले आहेत, हे मी स्वतः कागदावर बोट ठेवून पाहिले आणि मग सही केली.

ज्योत्स्ना नीळकंठ गुरनुले